आयटी मुलाखतीचे अनुभव: दुसऱ्यांचे वाचायचे कसे आणि स्वतःचे लिहायचे कसे

गेल्या पावसाळ्यात आमच्या नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या सोसायटीतली एक मुलगी लॅपटॉप घेऊन घरी आली. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, आणि आठ दिवसांवर पुण्यातल्या एका कंपनीची मुलाखत. "दादा, हे बघ ना," म्हणत तिने स्क्रीनशॉटचं फोल्डर उघडलं. त्याच कंपनीत मुलाखत दिलेल्या पोरापोरींचे चौदा अनुभव होते. एकाने लिहिलं होतं, अगदी सोपी, वीस मिनिटांत संपली. दुसऱ्याच्या मते आयुष्यातली सगळ्यात भयंकर मुलाखत. तिसऱ्याला ग्राफवरचे (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या रचनेवरचे) दोन प्रश्न आले, चौथ्याला एक ओळ कोड लिहावा लागला नाही. "यातलं खरं कोणतं?"

सगळंच खरं असणार. मुलाखत घेणारा माणूस बदलला, पद बदललं, त्या दिवशी त्याची आधीची मीटिंग लांबली, की मुलाखतही बदलते. मी उमेदवार म्हणून तीसेक मुलाखती दिल्या आणि गेली पाच वर्षं नाशिकमधल्या घरात बसून घेतोही. दोन्ही बाजूंनी बघून माझं एक मत पक्कं झालंय: अनुभव नुसते वाचून घाबरायला होतं, ते मोजले की उपयोगी पडतात. त्या मुलीबरोबर आम्ही जे केलं तेच इथे पायरीपायरीने लिहितो.

पायरी १: अनुभव सुपात घेऊन पाखडा

प्रत्येक अनुभवात चार गोष्टी शोधा: तारीख, पद, उमेदवाराचा अनुभव किती वर्षांचा, आणि मुलाखत कॅम्पसमधली की बाहेरून अर्ज करून मिळालेली. यातल्या दोन गोष्टी सापडत नसतील, किंवा त्या तुमच्या मुलाखतीशी जुळत नसतील, तर तो अनुभव बाजूला ठेवा, कितीही रंगवून लिहिलेला असला तरी. आमच्या चौदातले पाच असे गळाले. दोन २०१९ मधले होते, दोन टेस्टिंगच्या पदाचे, आणि एक सहा वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा. फ्रेशरने, म्हणजे पहिल्याच नोकरीच्या शोधात असलेल्याने, त्याचे सिस्टम डिझाइनचे (मोठी सिस्टीम कशी उभारायची याचे) प्रश्न वाचून झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

उरलेल्या नऊंसाठी साध्या दोनशे पानी वहीत रकाने आखा. फेऱ्या किती आणि कोणत्या क्रमाने, प्रत्येकीला वेळ किती, विषय कोणते, आणि मुलाखत घेणारा कुठे अडून बसला. "सोपी", "हार्ड", "एचआर एकदम चिल" असली विशेषणं पेन्सिलने खोडून टाका.

आमची बेरीज अशी आली: प्रोजेक्टवर प्रश्न नऊपैकी नऊ जणांना, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) सात जणांना, ॲरे आणि स्ट्रिंगचे (याद्या आणि अक्षरांच्या ओळींचे) साधे प्रश्न पाच जणांना, ग्राफ एकाला. आणि या मुलीने आधीचे तीन आठवडे ग्राफवर घातले होते, कारण तो एक अनुभव सगळ्यात लांबलचक आणि सगळ्यात भीतिदायक होता. प्रोजेक्टची तयारी शून्य. "तो तर माझाच आहे ना, त्याची काय तयारी करायची?"

मोजताना एक खोट लक्षात ठेवा. निवड झालेल्यांना आपण काय बरोबर सांगितलं ते आठवतं, नाकारलेल्यांना काय चुकलं ते, आणि ज्यांना कंपनीने पुढे काही कळवलंच नाही ते सहसा लिहीतच नाहीत. त्यामुळे निकालाचा रकाना ठेवा, पण त्यावरून "इथे दहातले सहा घेतात" असला हिशेब मांडू नका.

नेमके प्रश्न पाठ करून जाण्याबद्दल एवढंच सांगतो की आम्हा मुलाखत घेणाऱ्यांना ते कळतं. पाठ केलेलं उत्तर एका दमात, न अडखळता येतं. मग मी एक अट बदलतो, "आता समज ही यादी मेमरीत मावतच नाही," आणि समोरचा चेहरा कोरा होतो. पाठांतराचा रोग जुना आहे. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ मध्येच जाहीर सांगितलं होतं की कोड्यांचे प्रश्न म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. तरी आपल्याकडच्या कॉलेजांच्या ग्रुपवर "मॅनहोलचं झाकण गोल का?" अजून फिरतंय. होमब्रू हे लोकप्रिय सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेलने २०१५ मध्ये ट्विटरवर लिहिलं की बायनरी ट्री (दोन-दोन फांद्या फुटत जाणारी रचना) फळ्यावर उलटा करता आला नाही म्हणून गूगलने मला नाकारलं. एका माणसाचा एक अनुभव. त्यानंतर तो ट्री उलटा करायचं उत्तर घोकून आलेली पोरं मी आजही बघतो, आणि त्यातल्या निम्म्यांना रिकर्शन (कोडने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) कुठे थांबतं ते सांगता येत नाही.

कंपनीने स्वतः जे लिहून ठेवलंय ते मात्र लोक वाचत नाहीत. ॲमेझॉनची सोळा नेतृत्वतत्त्वं त्यांच्या संकेतस्थळावर उघड आहेत, मुलाखतीतले बरेचसे प्रश्न त्यांच्याभोवतीच फिरतात. मुलाखत घेणाऱ्यांत भरतीचा दर्जा राखणारा एक "बार रेझर" असतो आणि तो भरती करणाऱ्या टीमबाहेरचा असतो, हेही त्यांनीच सांगितलेलं आहे. कोणत्याही कंपनीचं करिअरचं पान आणि पदाची जाहिरात आधी वाचा, अनुभव नंतर.

कॉलेजचे सीनियर हा सगळ्यात चांगला स्रोत, फक्त विचारायची पद्धत सुधारा. "दादा, इंटरव्ह्यूबद्दल गाइड करा ना" या मेसेजला मी काय उत्तर देऊ? त्याऐवजी असं लिहा: "तुम्ही मार्चमध्ये डेव्हलपर पदाची मुलाखत दिली होती. दुसऱ्या फेरीत कोड लिहायला एडिटर दिला होता की कागदावर लिहायचं होतं? प्रोजेक्टवर अंदाजे किती वेळ गेला?" दोन मिनिटांत उत्तर देता येईल असं विचारलं की ताई-दादा उत्तर देतात.

पायरी २: बायोडेटातली प्रत्येक ओळ म्हणजे तुम्ही लावलेलं आमंत्रण

फ्रेशरचा बायोडेटा एक पान. त्यात लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर तीन प्रश्न येतील असं धरून चाला आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तो शब्द काढून टाका. सात भाषा आणि चार डेटाबेस लिहिणाऱ्याला मी नेहमी यादीतली शेवटची गोष्ट विचारतो. वाईट सवय आहे, पण माझ्यासारखे बरेच आहेत.

आता प्रोजेक्ट. चेहरा ओळखून हजेरी लावणारी सिस्टीम, लायब्ररी मॅनेजमेंट आणि चॅटबॉट: आपल्या जिल्ह्यातून येणाऱ्या बायोडेटांत ही तीन नावं इतक्या वेळा येतात की डोळे आपोआप पुढे सरकतात. त्या मुलीकडेही हजेरीचाच होता, चौघांनी मिळून केलेला, आणि तिचा वाटा फक्त रिपोर्ट लिहिण्याचा. पण दुसऱ्या वर्षाला तिने घरच्यासाठी एक छोटं काम केलं होतं. तिचे मामा निफाडकडे कांदा करतात. लासलगाव बाजार समितीचे रोजचे भाव ती गोळा करून एका तक्त्यात भरायची आणि आलेख काढून मामाला व्हॉट्सॲपवर पाठवायची. हे तिने बायोडेटात लिहिलंच नव्हतं. "ते काय, घरातलं आहे."

तेच वर घ्यायला लावलं. मग दोन संध्याकाळी मी फक्त प्रश्न विचारत गेलो. समिती किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव देते, तू कोणता घेतलास आणि का? भाव क्विंटलचा, मामा विचारतात किलोचा, तू साठवलास कशात? उन्हाळ आणि लाल कांदा वेगळा ठेवलास का? एखाद्या दिवशी भाव दहापट दिसला तर तो बाजार आहे की टायपिंगची चूक, हे प्रोग्रॅमला कसं कळणार? लिलाव बंद असेल त्या दिवशी काय? या शेवटच्यावर ती अडकली. तिच्या तक्त्यात त्या दिवशी शून्य जात होता, त्यामुळे सरासरी खाली येत होती. दुसऱ्या दिवशी शून्याच्या जागी नल (म्हणजे "माहिती नाही") टाकून आणि सरासरीचं गणित दुरुस्त करून आली. चेहरा ओळखणाऱ्या हजेरीत ती हे करू शकली नसती, कारण तिथली चूक तिची नव्हती.

तुमच्या प्रोजेक्टसाठी हे चार मुद्दे आधी कागदावर उतरवा: कोणाची कोणती अडचण होती, त्यातलं नेमकं मी काय केलं, कुठे फसलं, आज पुन्हा केलं तर काय बदलेन. "आम्ही" हा शब्द मोजून वापरा. टीमचं काम असेल तर आपला वाटा सरळ सांगा.

पायरी ३: ऑनलाइन टेस्ट

यावर फार लिहिण्यासारखं नाही. नियम दोनदा वाचा, विशेषतः निगेटिव्ह मार्किंग आहे का आणि मागच्या प्रश्नावर परत जाता येतं का. कोडिंगच्या प्रश्नात आधी सगळे प्रश्न वाचून जो येतो तो सोडवा. उत्तर पूर्ण जमत नसेल तर साधं, हळू चालणारं उत्तर तरी लिहून ठेवा. बऱ्याच ठिकाणी जितक्या चाचण्या पास होतील तितके गुण मिळतात. दुसरा टॅब उघडू नका, नोंद होते. मित्राला शेजारी बसवून टेस्ट पास झालेले पुढच्या फेरीत दहा मिनिटांत उघडे पडतात.

पायरी ४: बोलत बोलत सोडवायचं

आपल्या पोरांचा खरा घोळ इथे होतो. विषय येतो, कोडही येतो, पण पाच मिनिटं खाली मान घालून गप्प बसतात आणि मग एकदम उत्तर दाखवतात. ते उत्तर चुकलं तर माझ्याकडे गुण द्यायला काहीच उरत नाही. विचार बोलून दाखवला असता तर अर्ध्या वाटेवर मी इशारा दिला असता. बहुतेक मुलाखतकार इशारा द्यायला तयार असतात.

एक उदाहरण घेऊ. आकड्यांची यादी दिली आहे, त्यातल्या कोणत्या दोन आकड्यांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होते ते शोधायचं. सगळ्यांना माहीत असलेला प्रश्न आहे, म्हणूनच घेतला.

कोडला हात लावायच्या आधी विचारा: यादी क्रमाने लावलेली आहे का? उणे आकडे असतील का? तोच आकडा दोनदा येऊ शकतो का? उत्तर नसेल तर काय परत द्यायचं? यादी साधारण किती मोठी? या प्रश्नांना एक-दोन मिनिटं लागतात आणि त्या वेळात तुमची भीतीही थोडी बसते.

मग साधा मार्ग मोठ्याने सांगा: प्रत्येक आकड्याची बाकी प्रत्येकाशी जोडी लावून बघू. लगेच त्याची किंमतही सांगा. एक लाख आकडे असतील तर जवळजवळ ५०० कोटी जोड्या होतात. "हे चालेल, पण हळू आहे, सुधारतो." आता सुधारणा: यादीतून एकदाच जायचं, प्रत्येक आकड्याला जोडीदार म्हणून किती हवा ते वजाबाकीने काढायचं, आणि तो आधी दिसलाय का हे हॅशमॅपमध्ये (नोंद झटकन शोधून देणाऱ्या तक्त्यात) बघायचं. एक लाख आकड्यांसाठी साधारण एक लाख वेळा बघणं झालं. बदल्यात जास्तीची मेमरी लागते, हेही तुम्हीच म्हणा, त्याने विचारायच्या आधी. यादी क्रमाने लावलेली असेल तर दोन टोकांकडून दोन बोटं आत आणत जायचा मार्ग आहे, त्याला जास्तीची मेमरी लागत नाही.

शेवटी हाताने तपासा. यादीत दोनच आकडे, ३ आणि ३, हवी बेरीज ६. तुम्ही आधी सगळे आकडे मॅपमध्ये भरून मग शोधायला निघाला असाल, तर आकड्याची जोडी स्वतःशीच लागण्याचा धोका आहे. बघत बघत भरलंत तर नाही. ही चूक स्वतः पकडणारा उमेदवार मला पहिल्या फटक्यात बरोबर लिहिणाऱ्यापेक्षा आवडतो.

एसक्यूएल सातजणांना विचारलं होतं, म्हणून तेही. जॉइनचे (दोन तक्ते जोडण्याचे) प्रकार व्याख्येने सांगू नका, दोन छोटे तक्ते काढून सांगा: विद्यार्थी आणि फी, फी न भरलेले विद्यार्थी शोधायचे. लेफ्ट जॉइन करून, म्हणजे डावीकडचे सगळे विद्यार्थी ठेवून, उजवीकडे नल आहे त्या ओळी घ्यायच्या. इथे एक जुना सापळा आहे. तोच प्रश्न "नॉट इन" वापरून लिहिला आणि आतल्या यादीत एक जरी नल असला, तर उत्तरात एकही ओळ येत नाही. नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर खरंही नसतं आणि खोटंही नसतं, ते अज्ञात असतं. म्हणून "नॉट एक्झिस्ट्स" वापरा. आणि वेअर गट पाडायच्या आधी गाळतं, हॅविंग गट पाडल्यावर, हे उदाहरणासकट तयार ठेवा.

इंग्रजीचं काय, हा प्रश्न कॉलेज रोडवरच्या क्लासवाल्यांना फार फायद्याचा आहे. माझा अनुभव सांगतो. आधी तेच उत्तर मराठीत मोठ्याने बोलून बघा. मराठीतही अडखळत असाल तर अडचण भाषेची नाही, विषयच नीट कळलेला नाही. मराठीत जमलं की मोबाइलवर रेकॉर्ड करत इंग्रजीत बोला, छोटी वाक्यं, आणि दुसऱ्या दिवशी ऐका. ऐकताना लाज वाटते, वाटू द्या. पुण्यातल्या मुलाखतीत समोरचा मराठी निघण्याची शक्यता चांगली असते, तरी तो स्वतः मराठीवर येईपर्यंत आपण येऊ नये.

येत नसेल तर "हे मी वापरलेलं नाही, पण अंदाज बांधतो" म्हणा आणि खरंच अंदाज बांधा. नुसतं "माहीत नाही" म्हणून गप्प बसलात तर प्रश्न वाया जातो, आणि थाप मारलीत तर अख्खी फेरी.

पायरी ५: पोहोचायचं कसं, घरून द्यायची असेल तर बसायचं कुठे

नाशिककरांच्या अनुभवात हा भाग पुण्या-मुंबईच्या पोरांना कळत नाही, म्हणून कुठे लिहिलेलाही नसतो. नाशिक ते पुणे साधारण २१० किलोमीटर, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण. सरळ रेल्वेमार्ग नाही. कागदावर पाच तास, आणि चाकणला गाडी अडकली की कागद फाडून टाकायचा. माझी हिंजवडीतली पहिली मुलाखत अकराची होती. मी पहाटेच्या एसटीने निघालो, पिंपरी-चिंचवडमधल्या नाशिक फाट्याला उतरलो, तिथून वाकडमार्गे तिसऱ्या फेजला पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि शर्टाची इस्त्री कुठल्या गावाला गेली होती कोण जाणे. आत घेतलं, पण माझं डोकं दाराबाहेरच राहिलं होतं. तेव्हापासून नियम: सकाळची मुलाखत असेल तर आदल्या दिवशी जाऊन मित्राच्या खोलीवर मुक्काम. ते जमणार नसेल तर एचआरला आधीच मेल करून दुपारची वेळ मागा. "मी नाशिकहून येतोय" हे कारण चालतं, फक्त आधी सांगायला हवं.

मुंबईकडची असेल तर पंचवटी एक्सप्रेस अजून भरवशाची. ऐरोलीच्या कंपन्यांसाठी ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडा. पावसाळ्यात कसारा घाटाचा भरवसा धरू नका.

ऑनलाइन असेल तर: देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा दिवस तुमच्या भागात कोणता ते बघून तो दिवस टाळा. इन्व्हर्टर असेल तर राउटर त्यावर आहे का ते आदल्या दिवशी मेन स्विच पाडून तपासा, पंखा चालतोय म्हणजे वायफाय चालेलच असं नाही. मोबाइलचं हॉटस्पॉट एकदा जोडून ठेवा. घरच्यांना तास सांगा, कुकर आधी लावा. माझ्या एका उमेदवाराच्या मागे लग्नाची वरात थांबली होती, बँडसकट. त्याने शांतपणे "दोन मिनिटं देता का, वरात पुढे जाईल" असं लिहून पाठवलं. आम्ही दोघंही हसलो आणि मुलाखत चांगली झाली.

पायरी ६: एचआरची फेरी, पगार आणि कागद

"स्वतःबद्दल सांगा" याला दीड मिनिट. जन्मगाव आणि वडिलांचा व्यवसाय यांनी सुरुवात करू नका, आत्ता काय करता तिथून करा. एखादा विषय बॅक राहिला असेल, वर्ष गेलं असेल तर एका वाक्यात कारण, एका वाक्यात नंतर काय केलं, आणि पुढे चला. लांबलेली सफाई संशय वाढवते. "अडचणीतून मार्ग काढल्याचा प्रसंग सांगा" याला एक खरा प्रसंग ठरवून ठेवा: परिस्थिती काय होती, माझ्यावर काय होतं, मी काय केलं, शेवट काय झाला.

"पुण्याला राहायला येणार ना?" हा आपला खास प्रश्न. घरी आई-वडील एकटे असतील, यायचं नसेल, तर आत्ताच सांगा. होकार भरून रुजू व्हायच्या आठवड्यात घरून काम मागणाऱ्यांमुळे पुढच्या नाशिककराकडे आधीच तिरक्या नजरेने बघतात.

पॅकेजचा हिशेब घरी कागदावर करा. समजा वर्षाचं सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, ४,८०,००० आहे. बाराने भागून ४०,००० हातात येतील असं धरून पोरं गाडीचा हप्ता ठरवतात. मूळ वेतन निम्मं, म्हणजे २,४०,००० धरू. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा १२ टक्के, २८,८००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, ११,५४४. कामगिरीवर मिळणारी रक्कम ४०,००० असेल तर तीही बाजूला. उरले ३,९९,६५६, महिन्याला सुमारे ३३,३००. त्यातून तुमचा निधीचा वाटा २,४०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की हातात साधारण ३०,७००. काही कंपन्या निधी १५,००० च्या मर्यादेवरच कापतात, मग महिन्याला १,८०० जातात आणि हातात थोडे जास्त येतात. म्हणून एचआरला एकच प्रश्न विचारा: महिन्याला बँकेत किती जमा होतील? विचारायला संकोच करू नका, त्यांना रोज विचारतात.

बॉन्ड (ठरावीक मुदत नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर सहीआधी मुदत, रक्कम आणि ती कशाची हे वाचा. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे कामच करायचं नाही ही अट १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण "बॉन्डला काही अर्थ नसतो रे" हा मित्राचा सल्लाही घेऊ नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं सेवा, नाहीतर २ लाख रुपये ही अट वैध ठरवली आहे. मूळ मार्कशीट आणि प्रमाणपत्रं कोणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, प्रत द्या, परत घ्या.

आणि नोकरी देण्यासाठी पैसे मागितले, डिपॉझिट म्हणा, लॅपटॉपचे म्हणा, ट्रेनिंगचे म्हणा, तर तिथेच थांबा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

पायरी ७: तासाभरात वही

मुलाखत संपली की घरी फोन करायच्या आधी वही उघडा. टपरीवर बसून, एसटीत बसून, कसंही. दुसऱ्या दिवशी लिहिलेला अनुभव निकालाच्या रंगात रंगलेला असतो. प्रश्न जमेल तितक्या त्याच शब्दांत, मी कुठे थांबलो, त्याने कुठे दुसऱ्यांदा विचारलं, कोणत्या भागाला किती वेळ. कसं झालं याबद्दल मत लिहू नका.

पाच मुलाखती झाल्या की पानं एकत्र वाचा. मला स्वतःला अनेक वर्षं वाटायचं की माझं अल्गोरिदम कच्चं आहे, म्हणून मी नाकारला जातो. वही वाचली तर पाचपैकी चार ठिकाणी "नेमकं तू काय केलंस?" हे दोनदा विचारलेलं होतं. मी टीमच्या आड लपत होतो आणि रात्री घरी येऊन डायनॅमिक प्रोग्रॅमिंग घोकत होतो.

निकाल कळवायची तारीख दिली असेल तर ती उलटल्यावर, नसेल तर कामाचे पाच दिवस गेल्यावर दोन ओळींचा मेल. त्यानंतर आठवड्याने आणखी एक. मग पान उलटा. नकाराचं कारण विचारायला हरकत नाही, पण ते मिळेल अशी आशा ठेवू नका, बहुतेक कंपन्या देत नाहीत.

ज्युनियरसाठी लिहाल तेव्हा वहीतून उतरवा: महिना, पद, कॅम्पस की बाहेरून, फेऱ्या, वेळ, विषय, निकाल. नाकारलं गेलं असेल तर तेही लिहा, अशी पानं कमी मिळतात. प्रश्न गुप्त ठेवायच्या अटीवर सही केली असेल तर फक्त विषय लिहा. मुलाखत घेणाऱ्याचं नाव नको. तो उद्धट वागला असेल तर "उद्धट होता" याऐवजी काय घडलं ते लिहा: चाळीस मिनिटं उशिरा आला, कॅमेरा बंद ठेवला, उत्तर अर्ध्यावर तोडलं. वाचणारा काय ते ठरवेल.

त्या मुलीचं पान मला मुलाखतीच्या संध्याकाळीच आलं, शिवशाहीत बसून मोबाइलवर टाइप केलेलं. डेव्हलपर, फ्रेशर, कॅम्पसबाहेरून. दोन फेऱ्या झाल्या, पन्नास मिनिटं आणि पस्तीस. ॲरे एक, एसक्यूएल दोन, ग्राफ नाही. प्रोजेक्टवर बावीस मिनिटं. निकालाचा रकाना रिकामा. आणि खाली एक ओळ: "दादा, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, लासलगावला लिलाव बंद असतो त्या दिवशी तुझा आलेख काय दाखवतो?"